निर्वासितांना ओझे कोण म्हणतो?

स्थलांतर म्हणजे स्थानिकांच्या रोजगारावर घाला, असे सरसकट सूत्र मांडणाऱ्यांनी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून निघून लोकलने उल्हासनगर गाठावे. फाळणीने सिंधमधून हुसकावलेले सुमारे एक लाख हिंदू कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत उतरले. १९४९ साली त्याच छावणीचे उल्हासनगर झाले. या समाजाने हात पसरले नाहीत. पापड लाटले, फेरी केली, पुढे कापड, जीन्स आणि फर्निचरचे व्यवसाय उभारले. त्यातून इतरांच्याही हातांना काम मिळाले. शासनाने मात्र बराकी दिल्या आणि जमिनीच्या मालकीचे प्रश्न दशकानुदशके रेंगाळत ठेवले.

धर्म राखण्यासाठी घरदार सोडणारा निर्वासित आणि लाभासाठी चोरून सीमा ओलांडणारा घुसखोर यांना एकाच तागडीत तोलणे हा कुठला पुरोगामीपणा? २०१९च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने हा भेद मान्य केला. पण नियम यायला मार्च २०२४ उजाडला. ३१ डिसेंबर २०१४ नंतर आलेला पीडित तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे. त्याने कोणाकडे पाहावे? उल्हासनगरने आपली परीक्षा केव्हाच दिली. आता परीक्षा शासनाची आणि समाजाची आहे!