आधी शोधन, मग संधान

कुरुळी-चाकण पट्ट्यात पत्र्याने हात कापलेला कामगार विचारतो, "डॉक्टर, टाक्यांऐवजी चिकटवता येईल का?" प्रश्न रास्त आहे. पॅरिसच्या लुडविक लाइब्लर यांच्या गटाने २०१४ मध्ये सिलिकाच्या नॅनोकणांच्या द्रावणाने उंदरांची त्वचा व यकृत सांधून दाखविले. हे कण दोन्ही कडांच्या ऊतींना धरून सेतू बांधतात. 'आमची भस्मे नॅनोच' म्हणून यावर समाधान मानणे मला पटत नाही. मात्र सुश्रुताचार्यांची अट येथेही लागू पडते. धूळ, केस, नख, सुटे अस्थी काढल्याविना शिवलेला व्रण पाकास जातो, असे सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात बजावले आहे. कूलंट व लोखंडाचा कीस भरलेला व्रण क्षणात मिटविणारे द्रव्य पूही तितक्याच त्वरेने कोंडील. आपल्या शल्यतंत्र विभागांनी अशा द्रव्यांची परीक्षा स्वच्छ छेदावर नव्हे, मलिन व्रणाचे शोधन करून त्यावर करावी.