अप्पांच्या पत्रांची अडचण कुणाला?

भिवंडीहून अंबाडीच्या रस्त्याने वज्रेश्वरीला गेलं, की बावन्न पायऱ्या चढताना घरातलं वडीलधारं माणूस पोरांना एक गोष्ट हमखास सांगतं. बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा यांनी देवीला नवस केला, पोर्तुगीजांची वसई हाती आली तर तुझं देऊळ बांधीन. १७३९ साली वसई पडली आणि अप्पांच्या सांगण्यावरून सुभेदार शंकर केशव फडके यांनी किल्ल्याच्या घाटाचं हे देऊळ उभं केलं. मलाही ही गोष्ट अशीच मिळाली आणि मीही ती पुढे दिली. पण या गोष्टीतले अप्पा नवस बोलून निघतात ते थेट वसईच्या बुरुजावर पोचतात. मधला माणूस तिच्यात नाही. तो पत्रांत आहे. आणि पत्रं वाचू म्हटलं की चांगल्या वाचत्या माणसांच्याही कपाळाला आठ्या पडतात.

त्यांचं पहिलं म्हणणं असं, की सेनापती रणांगणावर पाहावा, माजघरात डोकावू नये. भावाभावांची बोलणी, आजारपणं, देणीघेणी यांत इतिहास तो कसला? हे ऐकायला सभ्य वाटतं, पण साफ चुकीचं आहे. बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेलं कर्जाचं पत्र बघा. सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली, असं पेशवा आपल्या गुरूला कळवतो आहे. हा मजकूर खासगी की लष्करी? फौज उसन्या पैशावर उभी राहत होती, स्वाऱ्यांच्या पाठीशी सावकाराचा तगादा होता, हे त्या कण्हण्यातून जितकं कळतं तितकं विजयाच्या वर्णनातून कळत नाही. शिवाय ज्या गुरूपुढे हे गाऱ्हाणं, तो स्वतःही पेशव्यांना व्याजाने पैसे देणारा. माजघराचं दार लावून घेतलं तर स्वाऱ्यांचा हिशेबच आतमध्ये राहतो.

आता अप्पांचंच एक पत्र. बाजीराव-मस्तानीच्या नाटका-सिनेमांत अप्पा उभे असतात ते कर्मठ धाकटा भाऊ म्हणून. मस्तानीला अटकेत ठेवण्यात त्यांचा हात होता, हे खरंच आहे. ते झाकायचं कारण नाही. पण १७४० च्या सुरुवातीला त्यांनी पुतण्याला, नानासाहेबांना, जे कळवलं त्याचा आशय असा: राऊंपासून, म्हणजे बाजीरावांपासून, निघाल्यापासून त्यांचं पत्र नाही. त्यांचं व्याकूळ चित्त सावरायचा यत्न केला, पण ईश्वराच्या मनात वेगळंच दिसतं. आता तिला, म्हणजे मस्तानीला, त्यांच्याकडे पाठवून द्यावं.

वसई घेऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोन वर्षं चाललेली मोहीम, शेवटी सुरुंग लावून फोडलेला तट, आणि असा किल्ला झुंजून घेणारा सरदार घरात मात्र, आपला आग्रह चालणार नाही, हे लिहून मान्य करतो. मला हे पत्र वसईच्या तहाशेजारी ठेवून वाचावंसं वाटतं. १६ मे १७३९ ला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली, तेव्हा त्यांना बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन जायला आठ दिवसांची मुदत मिळाली. २३ तारखेला ते बाहेर पडले. जोर लावायचा आणि एका टप्प्यावर थांबायचं, ही जाण दोन्हीकडे एकाच माणसाची आहे, असं माझं मत आहे. नुसता तह वाचून ती मुत्सद्देगिरी वाटली असती. पत्रामुळे तो स्वभाव दिसतो.

त्या पत्राचा उपयोग झाला नाही. १७४० च्याच २८ एप्रिलला रावेरखेडीला बाजीराव गेले. नाजूक प्रकृतीचे अप्पाही त्याच वर्षी १७ डिसेंबरला गेले.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्यांचा आहे. पत्रं लिहायचा कारकून, मायने ठरलेले. त्यांत खरं मन कुठलं? बरोबर आहे, ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे’ ही सगळ्यांची सारखीच ओळ. पण तिच्यापुढे ‘विशेष’ असा शब्द येतो आणि तिथून माणूस बोलायला लागतो, ते ‘बहुत काय लिहिणे’पर्यंत. मोडीचा कागद हातात घेतलेल्याला हा सांधा बोटाने दाखवता येतो. चौकट ठरलेली असते म्हणूनच तिच्या आतलं बोलणं ऐकू येतं.

तिसरा आक्षेप, पत्रांतून ज्याला जे हवं ते निघतं. दाखला म्हणून ब्रह्मेंद्रस्वामींचं उदाहरण देतात: इतिहासकार पारसनिसांनी स्वामींचा पत्रव्यवहार छापून त्यांना राजकारणाचे गुरू ठरवलं, इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते खोडून काढलं. अहो, हाच तर पत्रांच्या बाजूचा पुरावा! कागद छापून समोर आले म्हणून राजवाड्यांना पारसनिसांचं मत तपासता आलं. कागद नसते तर पहिलंच मत कायम राहिलं असतं.

आणि कागद नसले की काय होतं, हे आम्हा भिवंडीकरांना दुसऱ्या कुणी सांगायला नको. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. महाराजांची घरगुती म्हणावीत अशी पत्रं फार थोडी. त्या रिकाम्या जागेत, कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला महाराजांनी सन्मानाने परत पाठवल्याची गोष्ट येऊन बसली. समकालीन कागदांत तिला आधार नाही, तरी शाळेपासून तीच आपल्या तोंडी आहे. महाराजांचं मोठेपण तिच्यावर अवलंबून नाही. पण महाराजांच्या बाबतीत कागद कमी आहेत, हा नाइलाज. अप्पांच्या बाबतीत ते छापून तयार असताना आपण नवसावरच थांबतो, हा आळस आहे.

ठाणे जिल्ह्यात, कोकणात, घाटावर ज्यांच्या माळ्यावर मोडीचे रुमाल बांधून पडले असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असे कागद जपतं आहे. तिथे किंवा जवळच्या मोडी जाणकाराकडे रुमाल घेऊन जा. त्यांत पणजोबांचं कर्ज निघेल, भावकीचं भांडण निघेल. ते पान काढून ठेवू नका. सगळंच्या सगळं वाचायला द्या.