मांडी कीं उकिडवें?

परकीय भाषेंतला ग्रंथ आपल्या भाषेंत आणणें म्हणजे एका भांड्यांतलें पाणी दुसऱ्या भांड्यांत ओतणें, अशी पुष्कळांची समजूत असते. माझीही होती. ती कशी मोडली, ती हकीकत आज या सदरांत वाचकांपुढें ठेवितों. कारण ती मोडण्याचें श्रेय जिच्याकडे जातें, तिला फ्रेंच तर नव्हेच, पण इंग्रजीही येत नव्हतें.

तरुणपणीं प्राचीन मिसर देशाच्या शिल्पकलेवर एक लहानसा लेख लिहावयास मीं घेतला होता. हाताशीं एक इंग्रजी पुस्तक होतें. तेंही मूळ फ्रेंचवरून केलेलें. त्यांत पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांतल्या एका लेखनिकाच्या पुतळ्याचें वर्णन होतें. इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशांत पाहून मीं लिहिलें, 'उकिडवा बसलेला लेखनिक'. लिहिलेलें आईस वाचून दाखविण्याची माझी रीत होती. तिनें उघड्या पुस्तकांतलें चित्र पाहिलें आणि म्हणाली, "अरे, हा उकिडवा कुठें बसला आहे? चांगली मांडी घालून बसला आहे. उकिडवा बसला असता, तर पुढ्यांत कागद कसा पसरला असता?" मला उत्तर सुचलें नाहीं. चित्र माझ्याही समोरच होतें. पण मीं कोश पाहिला होता, चित्र पाहिलें नव्हतें.

हा पुतळा ओग्यूस्त मारिएत या फ्रेंच संशोधकास 1850 सालीं सक्कारा येथें सांपडला. चुनखडीच्या दगडाचा, वरून रंग दिलेला, उंचीनें हातभराहून थोडा अधिक आणि वयानें सुमारें 4,500 वर्षांचा. तांब्याच्या कडांत बसविलेले त्याचे स्फटिकाचे डोळे पाहणाऱ्यावर रोखलेले आहेत. पुढ्यांत पपायरसची गुंडाळी अर्धी उलगडलेली आहे. उजव्या हातांतली लेखणी मात्र काळानें नेली. फ्रेंचांनीं त्याला 'स्क्रीब आक्रूपी' असें नांव दिलें. 'आक्रूपी' म्हणजे गुडघे मुडपून टांचांवर बसलेला, अर्थात् उकिडवा. म्हणजे चूक मुळांतच आहे. खुर्चीवर बसणाऱ्या समाजाला जमिनीवर बसण्याच्या साऱ्या तऱ्हा सारख्याच दिसल्या असाव्यात. उकिडवें बसणें, मांडी घालणें, फतकल मारणें, पद्मासन घालणें हे भेद आपल्याकडे लहान मुलालाही कळतात.

आतां इंग्रजी भाषांतरकारानें काय करावें? इंग्रजी पुस्तकांत या पुतळ्याचीं तीन नांवें आढळतात. कोणी 'उकिडवा' म्हणतो, कोणी नुसता 'बसलेला', तर कोणी 'पायांवर पाय घेऊन बसलेला'. पहिल्यानें मूळ शब्द राखला आणि पुतळा गमावला. दुसऱ्यानें चूक टाळली, पण लेखनिक कसा बसला आहे तें गुलदस्तांत ठेविलें. तिसऱ्यानें मूळ शब्द सोडला आणि पुतळा राखला. कथेचें किंवा काव्याचें भाषांतर करणाऱ्यास मूळ शब्दांपलीकडे जाण्यास दुसरें ठिकाण नसतें. परंतु मूर्तीच्या वर्णनाचें भाषांतर करणाऱ्याला दोन मुळें असतात: एक लेखकाचें वाक्य, दुसरी प्रत्यक्ष मूर्ति. दोहोंत विरोध आला, तर माझ्या मतें मूर्तीचें ऐकावें, आणि वाक्य कोठें बदललें तें तळटीपेंत प्रामाणिकपणें सांगावें.

मिसरच्या कलेचें ज्ञान इंग्रजीला बहुतांशीं फ्रेंचमधून मिळालें, याला कारणें आहेत. 1798 च्या स्वारींत नेपोलियननें सैन्याबरोबर विद्वानही नेले. त्यांनीं केलेल्या वर्णनाचे भव्य खंड 1809 पासून निघूं लागले. 1822 सालीं शांपोलियोंनें चित्रलिपीचें कोडें उलगडलें. पुढें मारिएत आणि त्यामागून मास्पेरो यांच्या हातीं तेथील पुराणवस्तुखात्याचीं सूत्रें होतीं. पेरो व शिपिये यांचा मिसरी कलेवरील ग्रंथ 1882 त निघाला आणि पुढच्याच वर्षीं वॉल्टर आर्मस्ट्राँग यांनीं तो इंग्रजींत आणला. मास्पेरोचा पुरातत्त्वावरील ग्रंथ 1887 त प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीं अमेलिया एडवर्ड्‌स या विदुषीनें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. ही बाई मूळची कादंबरीकार. 1873-74 च्या हिवाळ्यांत ती नाईल नदीवरून नौकेनें फिरली. तेथील देवळें तिनें स्वतः पाहिलीं आणि स्वहस्तें रेखाटलीं. म्हणून तिच्या भाषांतराला तळटीपांची जोड आहे. ज्यानें देऊळ पाहिलें आहे, त्यालाच वर्णनांतलें उणें दिसतें.

कांहीं शब्द मात्र भाषांतर न करितां ठेवणेंच बरें. राजाचें नांव ज्या लांबट वर्तुळांत कोरीत, त्याला फ्रेंच 'कार्तूश' म्हणतात. या शब्दाचा एक अर्थ बंदुकीचें काडतूस. फ्रेंच शिपायांना ती आकृति तशी दिसली, असें सांगतात. इंग्रजीनें शब्द जसाच्या तसा घेतला. पण त्या भाषेंत काडतुसाला थोडा निराळा शब्द असल्यामुळें थट्टा हरवली. आपल्याला ती समजूं शकते, कारण पोर्तुगीजांकडून आलेलें आपलें 'काडतूस' त्याच कुळांतलें आहे. जुन्या चौकोनी थडग्यांना 'मस्तबा' म्हणतात. हा अरबी शब्द; अर्थ घरापुढचा ओटा. येथें तर मूळ फ्रेंच लेखकानेंच भाषांतर केलें नाहीं आणि इंग्रजांनींही त्याचाच कित्ता गिरविला.

सर्वांत मौजेची कथा एका लांकडी पुतळ्याची आहे. 1860 सालीं सक्कारा येथेंच मारिएतला तो सांपडला. भरलेलें अंग, गोल चेहरा, हातांत काठी. खणणारे मजूर त्याला पाहतांच उद्गारले, "शेख अल-बलद!" म्हणजे आमच्या गांवचा पाटील! त्यांच्या पाटलाचा चेहरा हुबेहूब तसाच होता. मजुरांची अरबी फ्रेंच पुस्तकांत गेली, तेथून इंग्रजींत, आणि सारें जग त्याला गांवचा मुखिया म्हणून ओळखूं लागलें. वास्तविक त्याचें नांव का-आपेर. तो धर्मविधींत मंत्र म्हणणारा प्रमुख पाठक होता. आपल्या भाषेंत सांगावयाचें, तर वेदशास्त्रसंपन्न भटजींना चार हजार वर्षांनंतर पाटीलकीचीं वस्त्रें मिळालीं!

यांत हंसण्यासारखें आहे, तसें हळहळण्यासारखेंही आहे. मिसरी लोकांच्या श्रद्धेप्रमाणें मृताचा 'का', म्हणजे त्याची जीवनशक्ति, अन्नाचा नैवेद्य घेण्यासाठीं पुतळ्याचा आश्रय करी. मास्पेरोनें या 'का'ला फ्रेंचमध्यें 'दूब्ल', म्हणजे जोडीदार प्रतिरूप म्हटलें. एडवर्ड्‌सबाईंनीं तोच शब्द इंग्रजी उच्चारानें ठेविला. आतांचे विद्वान् 'का' असेंच लिहितात, कारण दुसरा कोणताही शब्द पुरा पडत नाहीं. त्या माणसानें पुतळा केला तो आपलें रूप आणि आपलें नांव टिकावें म्हणून. रूप टिकलें, नांव मात्र एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत जातांना मागें राहिलें. भाषांतरकाराचा एक शब्द चुकला, तर असें कोणाचें तरी नुकसान होतें, आणि तो तक्रार करावयास येऊं शकत नाहीं.

माझा तो लेख पुढें छापून आला. त्यांत 'मांडी घालून बसलेला लेखनिक' असे शब्द आहेत. पुष्कळ वर्षांनीं मूळ फ्रेंच नांव पाहण्याचा योग आला, तेव्हां कळलें, कीं त्या एका जागीं आमचें मराठी मूळ फ्रेंचपेक्षांही पुतळ्याला जवळ होतें. तें आईला सांगावयाचें मात्र राहून गेलें.