बाकावर बसलेला खेळाडू

पसरणीचा घाट चढून पाचगणीत शिरलं की शाळांच्या पाट्या सुरू होतात. सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५चं, संजीवन विद्यालय १९२२चं. या थंड हवेच्या भरवशावर आणखी कितीतरी निवासी शाळा इथे उभ्या राहिल्या. क्रीडा प्रशिक्षकाच्या नजरेनं पाहिलं तर या गावाकडे जे आहे ते पुण्या-मुंबईकडे नाही. मुलं शाळेतच राहतात. संध्याकाळी क्लासला पळायचं नसतं, बस चुकायची धास्ती नसते, आणि एकच मूल पाच-सहा वर्षं डोळ्यांसमोर वाढतं. बास्केटबॉलला याहून चांगली जमीन कुठली? कमी पडतो तो शिकवणारा. आणि त्याला आपण भलत्याच ठिकाणी शोधतो, असं माझं ठाम मत आहे.

प्रशिक्षक नेमताना पहिला प्रश्न असतो, कुठपर्यंत खेळलात? राज्य की राष्ट्रीय? जो मोठा खेळला तो चांगलं शिकवेल, ही समजूत पक्की बसली आहे. तिच्यापायी कॉलेजच्या संघातला सर्वांत उपयोगी माणूस वाया जातो. तो बाकावर बसलेला असतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी पाचगणीतल्या एका शाळेच्या कोर्टाशेजारी मी संध्याकाळभर उभा होतो. प्रशिक्षक तिशीचा. कॉलेजात असताना शिवाजी विद्यापीठाच्या बारा जणांच्या संघात होता, पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेला होता, पण पहिल्या पाचात कधीच नव्हता. सातवीतला एक मुलगा उजव्या हातानं लेअप मारताना दर वेळी चुकीच्या पायावर उडी घेत होता. सरांनी ओरडाआरडा केला नाही. बॉल काढून घेतला. मुलाला रिंगखाली उभं केलं आणि नुसता डावा पाय टाकून उडी मारायला लावली. जमलं, तेव्हा एक पाऊल मागे घेतलं: उजवा, डावा, उडी. मग बॉल हातात दिला, पण ड्रिबल करायचा नाही. शेवटी एकच ड्रिबल. पाऊण तास यात गेला. बाकीच्यांना दुसऱ्या रिंगवर पासिंग लावून दिलं होतं, त्यांच्याकडेही एक डोळा होताच. नंतर चहा पिताना म्हणाला, मलाही हा लेअप कॉलेजात जाईपर्यंत नीट येत नव्हता, म्हणून कुठली पायरी सुटते ते लगेच कळतं. ज्याला पहिल्या दिवसापासून आला त्याला या पायऱ्या दिसतच नाहीत.

या म्हणण्याला जगाचा इतिहास साक्ष आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठानं १९५२ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्या संघात डीन स्मिथ नावाचा राखीव खेळाडू होता. मैदानात उतरण्याची संधी थोडी, त्यामुळे प्रशिक्षक फॉग ॲलन यांच्याजवळ बसून सामना पाहणं जास्त. पुढे हाच स्मिथ १९६१ ते १९९७ नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा प्रशिक्षक राहिला, ८७९ सामने जिंकला, आणि मायकेल जॉर्डन त्याच्याच हाताखाली कॉलेजात खेळला. ॲलन स्वतः जेम्स नेस्मिथ यांच्या संघातले. नेस्मिथ म्हणजे ज्यांनी १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला तेरा नियम लिहून हा खेळ जन्माला घातला ते. पण हा खेळ खेळायचा असतो, तो शिकवायचा काय, असं त्यांचं मत होतं. कॅन्ससचे प्रशिक्षक म्हणून त्यांचा हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव असा आहे. त्यांचं न ऐकता ॲलन शिकवायला लागले, म्हणून पुढची परंपरा उभी राहिली.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. क्रिकेटचे नामवंत प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीतून अब्बास मूंतसिर यांच्यासारखा भारताच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी निघाला, त्यामागे बच्चू खान यांची मेहनत होती. तिथल्या मैदानाला आज त्यांचंच नाव आहे.

मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होतच नाही, असं मी म्हणत नाही. जॉन वुडन पर्ड्यू विद्यापीठाचे अव्वल खेळाडू होते. पण कॉलेज सुटल्यावर त्यांनी केंटकी आणि इंडियानातल्या शाळांत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, शाळेचे संघ घडवले. १९४८ साली ते लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आले आणि तिथलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९६४ साली. मधली सोळा वर्षं विद्यापीठानं त्यांना राखलं. ते पहिलं धरून बारा मोसमांत दहा विजेतेपदं आली. मोसमाच्या पहिल्याच दिवशी ते खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो. असा बारकावा शाळेतल्या मुलांना शिकवता शिकवताच अंगी येतो.

आपल्या शाळांत मात्र प्रशिक्षकाला अकरा महिन्यांच्या करारावर घेतात. कागदावर तो बास्केटबॉल कोच. प्रत्यक्षात सकाळची पीटी, प्रार्थनेच्या रांगा, स्नेहसंमेलनाची संचलनं, वसतिगृहाची रात्रपाळी आणि सहलीला सोबत, सगळं त्याच्याच गळ्यात. वर जिल्हा स्पर्धेत संघ पहिल्या फेरीत हरला की जाब त्यालाच. पाचगणीत तर शालेय स्पर्धांच्या आधीचे महिने पावसाचे आणि धुक्याचे. उघड्या कोर्टवर सराव किती होणार? हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला वर्षाअखेरीस नारळ देणं सोपं असतं, पण त्याच्याबरोबर प्रत्येक मुलाची कुठली पायरी सुटते याची माहितीही घाट उतरून जाते. नवा माणूस येतो तो शून्यापासून सुरू करतो. मला याची मनापासून चीड येते, कारण यात नुकसान मुलांचं होतं आणि त्यांना ते कळतही नाही.

करण्यासारखं बरंच आहे आणि ते फार खर्चिक नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे येतात. मुलांचे आणि मुलींचे, बास्केटबॉलचे दोन्ही संघ दरवर्षी निवडले जातात आणि शेवटचं वर्ष संपलं की त्यातली बहुतेक मुलं-मुली कोर्टपासून कायमची तुटतात. कुणी पोलीस भरतीच्या मागे, कुणी बँकेच्या परीक्षेच्या. पाचगणीच्या दोन-तीन शाळांनी मिळून त्यातल्या सातव्या-आठव्या क्रमांकाच्या एखाद्या मुलाला नि मुलीला वर बोलवावं. दोन वर्षं जुन्या प्रशिक्षकाच्या हाताखाली सहायक म्हणून ठेवावं, राहणं-जेवण शाळेचं, पगार शाळांनी आपसांत वाटून. मग पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत पदविकेसाठी पाठवावं, आणि परत येईपर्यंत जागा राखून ठेवावी. या काळात स्पर्धेच्या निकालावरून त्यांना कुणी जाब विचारू नये. विचारायचंच असेल तर एवढंच विचारावं, की जूनमध्ये ज्याला डाव्या हातानं ड्रिबल येत नव्हता, त्याला दिवाळीपर्यंत आला का?