साग कुठला?

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र वनविकास महामंडळ, नागपूर

महोदय,

शिरूर-दौंडकडे घर बांधायला काढले की दारांच्या चौकटीबद्दल मालक एवढेच सांगतो, ‘सागाची करा.’ मग सुतार विचारतो, साग कुठला? सीपी, बर्मा की घाना? वखारीत नेऊन तो ओंडक्याचे कापलेले तोंड दाखवतो. मधला तपकिरी गाभा केवढा आणि भोवतीचे पांढरे केवढे, यावर बोट फिरवतो. वीस-पंचवीस वर्षांत तोडलेल्या परदेशी लागवडीच्या सागात पांढरे जास्त निघते, आणि वाळवी आधी तेच खाते.

शनिवारवाड्याचे काम 1730 साली सुरू झाले तेव्हा साग जुन्नरच्या रानातून आला. पुढे इंग्रजी अमदानीत ब्रह्मदेशचा साग आला. 1937पर्यंत तो देश ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत असल्याने हे लाकूड परदेशी ठरतच नव्हते.

खरा फरक पडला तो गेल्या तीस वर्षांत, आणि तो समजायला शेजारचा चीन पाहावा लागतो. 12 डिसेंबर 1996 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीला लगाम घातला. चीनमध्ये 1998 साली यांगत्से नदीला महापूर आला आणि तिथल्या सरकारनेही नैसर्गिक जंगलातली तोड आवरली. दोन्ही निर्णय योग्यच होते. पण घरे, फर्निचर, प्लायवूड यांची भूक तेवढीच राहिली. उष्ण कटिबंधातल्या ओंडक्यांच्या आयातीत चीन जगात पहिला झाला आणि भारत त्याच्या मागोमाग. मलेशियाचा सारावाक, म्यानमार, आफ्रिका अशी एकेका मुलखाची रानं दोघांनी मिळून रिकामी केली, हे कबूल केलेच पाहिजे.

मग एकेक दार बंद होऊ लागले. गॅबनने 2010 साली ओंडक्यांची निर्यात थांबवली, म्यानमारने 1 एप्रिल 2014पासून. बर्मा सागाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक भारतच होता. कांडला बंदरावर त्यानंतर घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका इथला लागवडीचा साग वाढला. चीनने मधल्या काळात पॉप्लर आणि निलगिरीची अफाट लागवड करून प्लायवूडचे लाकूड घरीच उभे केले. यमुनानगरच्या आसपासच्या शेतकऱ्यांनीही पॉप्लरच्या बाबतीत ते करून दाखवले. कठीण लाकडाच्या बाबतीत मात्र भारत मागेच राहिला.

आणि सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातला साग? अयोध्येच्या मंदिरासाठी 2023मध्ये बल्लारपूरहून सागवान गेले. 1974पासून आपले महामंडळ साग लावते, जोपासते, विकते. त्या लाकडाची प्रत साऱ्या देशाने पाहिली. शिरूरच्या सुताराच्या हाती मात्र घानाचा ओंडका पडतो.

चासकमान आणि नव्या मुठा कालव्याचे पाणी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत उसाला मिळते. त्याच शेतांच्या बांधावर साग उभा राहू शकतो. पण 1964च्या वृक्षतोड कायद्यात साग अनुसूचित वृक्ष असल्याने, स्वतःच्या बांधावरचे झाड तोडायलाही परवानगी लागते, आणि त्या हेलपाट्यांच्या धास्तीने शेतकरी तो लावतच नाही.

म्हणून विनंती अशी की, महामंडळाने दौंड जंक्शनजवळ विक्री आगार उघडावे आणि सुताराला चार-पाच ओंडके घेता येतील असे छोटे लॉट तिथे ठेवावेत. दोन्ही तालुक्यांत लावणीसाठी चांगल्या सागजड्या पुरवाव्यात. बांधावर लावलेल्या सागाची नोंद सातबाऱ्यावर लागवडीच्या वर्षीच व्हावी आणि त्या नोंदीवरच तोडीची परवानगी मिळावी, असा प्रस्ताव महामंडळाने शासनाकडे पाठवावा. यंदा लावलेल्या सागाचा गाभा भरायला पुढची पन्नास-साठ वर्षे लागणार आहेत.