खाण आणि खुर्ची

गोवा मुक्त झाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीतून 20 डिसेंबर 1963 रोजी दयानंद उर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते खाणमालक होते. कुळांना संरक्षण देणारा कायदा आणि गावोगावच्या मराठी शाळा यांमुळे बहुजन समाजाने त्यांना आपला माणूस मानले, आणि ते रास्तच होते. पण खाणीचा धंदा आणि सत्ता एकाच हातात असण्यात कोणाला काही वावगे वाटेनासे झाले, तेही त्याच काळापासून.

जमिनीखालचे खनिज सरकारच्या मालकीचे. ते कोणी उकरायचे हे ठरते खाण खात्याच्या सहीने. पोर्तुगीजांनी बेमुदत दिलेल्या खाणी 1987 च्या कायद्याने भाडेपट्ट्यांवर आल्या. डिचोली, सत्तरी, सांगे इथला माल टिपरने जेटीवर, तिथून बार्जने मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात जातो. या वाटेवर टिपर आणि बार्जचे मालक म्हणून गावचे पुढारी धंद्यात शिरले. मोठ्या खाणमालकांनी वृत्तपत्रे काढली: ‘गोमन्तक’ चौगुल्यांचे, ‘नवप्रभा’ धेंप्यांचे. 2007 मध्ये अनिल साळगावकर हे खाणउद्योजक सावर्ड्यातून अपक्ष निवडून आले. त्याच वर्षी मुख्यमंत्री झालेल्या दिगंबर कामत यांच्याकडे खाण खाते आधीपासून होते, ते त्यांनी स्वतःकडेच ठेवले.

पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजी संपली होती. खोदकाम मात्र थांबले नाही. चीनची मागणी वाढली होती आणि पूर्वी टाकाऊ समजून ढीग घातलेला कमी प्रतीचा मालही खपू लागला होता. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शहा आयोगाने नुकसानीचा अंदाज सुमारे 35,000 कोटी रुपयांचा दिला. सप्टेंबर 2012 मध्ये मनोहर पर्रीकर सरकारने खाणी थांबवल्या. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2007 नंतरचे खोदकाम बेकायदा ठरवले. त्यानंतरही राज्याने 88 पट्ट्यांचे नूतनीकरण केले. 12 जानेवारी 2015 रोजी लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम निघाला, आणि बऱ्याच फायली त्याच्या आदल्या काही दिवसांत हातावेगळ्या झाल्या होत्या. 7 फेब्रुवारी 2018 रोजी न्यायालयाने हे नूतनीकरण रद्द केले. निकालात घाईवर बोट ठेवले आहे. सर्वांत बोचणारी बाब अशी की सरकारे बदलली, तरी फायलींचा ओघ त्याच दिशेने राहिला.

शेजारच्या कर्नाटकातील बळ्ळारीत खाण आणि सत्तेचे हे नाते उघडेवाघडे होते. 2008 च्या कर्नाटक मंत्रिमंडळात खाणमालक गाली जनार्दन रेड्डी पर्यटनमंत्री, तर त्यांचे बंधू करुणाकर महसूलमंत्री. जुलै 2011 मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल आला, मुख्यमंत्री येडियुरप्पांना पायउतार व्हावे लागले आणि सप्टेंबरात जनार्दन रेड्डींना सीबीआयने अटक केली.

ऑस्ट्रेलियात प्रवास उलटा असतो. तिथे आधी मंत्रिपद, मग खाणी. पूर्वी खनिज खाते सांभाळलेले इयन मॅकफर्लेन 2016 मध्ये क्वीन्सलँडच्या खाणउद्योग संघटनेचे प्रमुख झाले. माजी उपपंतप्रधान मार्क वेल व्हाइटहेवन कोल कंपनीचे अध्यक्ष झाले. आपण हाताळलेल्या विषयांवर मंत्र्याने पद सोडल्यावर 18 महिने सरकारकडे वशिला लावू नये, असा तिथला दंडक आहे.

भारतात मंत्र्यांसाठी अशी मुदत नाही. केंद्राच्या आचारसंहितेनुसार मंत्र्याने धंद्याच्या कारभारातून अंग काढून घ्यावे लागते. मात्र आधीपासून त्या धंद्यात असलेल्या सज्ञान नातेवाइकाच्या हाती आपला हिस्सा सोपवता येतो. अपवाद फक्त पती किंवा पत्नीचा. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता मांडायची ती स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची. कमावता भाऊ किंवा मुलगा त्यात येत नाही, त्याची बार्जही येत नाही. लिलावामुळे पट्टा देण्यातली मर्जी संपली, पण वाहतुकीचे परवाने आणि जुन्या ढिगाऱ्यांचे निर्णय खाण खात्यातच होतात.