जहाजावरची बाल्कनी: कुठली घ्यावी, कुठली टाळावी



एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरातले पाच जण, म्हणजे पती-पत्नी, सासूबाई, चौदा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी, सिंगापूरला जाऊन तिथून तीन रात्रींची क्रूझ करणार आहेत. पैसे भिशीचे, तीन वर्षे साठवलेले. एजंटने जहाजाचा नकाशा पाठवला आहे आणि बाल्कनीची केबिन कुठली हवी ते लवकर कळवा म्हणून लकडा लावला आहे. मुलाला सगळ्यात वरचा मजला हवा. पतींना पुढच्या टोकाची केबिन हवी. सासूबाईंचे म्हणणे, खिडकी नसली तरी चालेल, पण उलट्या नकोत. स्वतःला काय हवे ते या भगिनीने पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत लिहिले आहे: बुरखा बाजूला ठेवून, केसांना वारा लागेल असे बसून, निवांत समुद्र पाहायचा आहे. लग्नाला सोळा वर्षे झाली, किनाऱ्यापासून तासाभरावर राहतात, पण असे एकदाही जमलेले नाही.

मी उत्तराची सुरुवात याच ओळीपासून करते. बाकीच्यांच्या मागण्या जहाजावर इतर ठिकाणीही पुऱ्या होतात. उघड्या डेकवर मुलगा हवे तितके उंच चढू शकेल, पतींना पुढच्या बाजूचे दृश्य दिसेल. पण घरातल्या बाईला पडद्यात राहून उघडा समुद्र मिळण्याची जागा जहाजावर एकच, ती म्हणजे बाल्कनी. म्हणून पडदा पाळणाऱ्या घराने बाल्कनीवर पैसे खर्च केले तर मी त्याला चैन म्हणणार नाही. मात्र त्यासाठी व्याजाचे हप्ते बांधून घेऊ नयेत. पैसे कमी पडत असतील तर त्याला दुसरी वाट आहे, ती पुढे सांगते.

आधी एक गैरसमज दूर करू. बाल्कनी म्हणजे आडोसा, असे आपण धरून चालतो. जहाजावर ते नेहमी खरे नसते. शेजारच्या दोन बाल्कन्यांमध्ये एक पातळ पडदी असते. पुष्कळदा तिच्या खाली आणि कठड्याच्या बाजूला फट राहते, आणि कठड्यावरून वाकणाऱ्याला शेजारचे दिसते. कठडा बहुतेक जहाजांवर काचेचा असतो. बसलेल्या माणसाला त्यातून समुद्र दिसतो, पण बंदरात जहाज धक्क्याला लागले की धक्क्यावरच्या माणसांना आपणही दिसतो. कोणती बाजू धक्क्याला लागेल हे आधी सांगता येत नाही. तेव्हा बंदरात असताना पडदा ओढायचा आणि ओढणी जवळ ठेवायची, हे गृहीतच धरा.

सर्वांत उघड्या असतात त्या अगदी मागच्या टोकाच्या बाल्कन्या. त्या मोठ्या असतात, मागे जहाजाने कापलेल्या पाण्याचा पांढरा पट्टा दिसतो, त्यामुळे लोक त्या आवडीने घेतात. पण अनेक जहाजांवर तिथले मजले पायऱ्यांसारखे एकामागे एक सरकत गेलेले असतात. वरच्या मजल्यावरचा माणूस सहज खाली पाहतो, आणि त्याच्याही वर बहुधा उपाहारगृहाचा उघडा भाग असतो. या भगिनीच्या कामाची ही जागा नव्हे.

पुढच्या टोकाजवळचीही नव्हे. जहाज चालवायची खोली, जिला ब्रिज म्हणतात, तिचे दोन्ही पंख जहाजाच्या अंगाबाहेर आलेले असतात. धक्क्याला लावताना अधिकाऱ्याला जहाजाची पूर्ण बाजू दिसावी म्हणून ती रचना असते. त्याच्या मागे लगेच असलेल्या बाल्कन्या त्याच नजरेच्या टप्प्यात येतात. काही जहाजांच्या मधल्या भागात बाल्कन्यांचा एक फुगवटा बाहेर आलेला असतो. नकाशात बाहेरची रेषा सरळ न जाता बाहेर वळलेली दिसली तर समजावे. त्या फुगवट्यातून आजूबाजूच्या बाल्कन्या दिसतात. म्हणजे फुगवट्याच्या कडेला लागून असलेली केबिन टाळायची.

आणि लाइफबोटी. खालच्या बाल्कनी-मजल्यांवर काही केबिनच्या समोर किंवा किंचित खाली या होड्या टांगलेल्या असतात. भाडे कमी असते, कारण समुद्र पूर्ण दिसत नाही. एजंट सांगतात, थोडाच अडथळा आहे. अडथळ्याचे एक वेळ चालेल, पण त्या होड्यांवर रंगरंगोटी, तपासणी, सराव यासाठी खलाशी चढतात. तुम्ही चहा घेऊन बसलात आणि समोर सहा फुटांवर एक माणूस ब्रश घेऊन उभा आहे, असे होऊ शकते. बिचाऱ्याचा त्यात काही दोष नाही.

चांगली बाल्कनी म्हणजे सरळ रेषेतली, वर तशाच बाल्कनीचे पूर्ण छत असलेली, समोर काही नसलेली. छत कुठे असते? ज्या केबिनच्या वर केबिनच आहेत तिथे. सर्वांत वरच्या बाल्कनी-मजल्यावर पुष्कळदा छत नसते किंवा अर्धेच असते, आणि वरच्या डेकवर फेऱ्या मारणारे खाली डोकावतात. म्हणून मुलाचा आग्रह इथे मोडावा लागेल.

तो आणखी एका कारणासाठीही मोडावा लागेल, आणि तिथे सासूबाईंची बाजू येते. जहाज दोन प्रकारे हलते. एक, पुढचे टोक वर आणि मागचे खाली, मग उलट. अगदी बागेतल्या सी-सॉसारखे. सी-सॉवर टोकाला बसलेले मूल सर्वांत जास्त वर-खाली होते आणि मध्ये उभे राहिलेले जवळजवळ जागेवर असते. दुसरी हालचाल डावी-उजवीकडे झुलण्याची. घड्याळाचा काटा उलटा धरला तर वरचे टोक जितके फिरते तितके खालचे फिरत नाही, तसेच उंच मजल्यांचे. म्हणून लांबीच्या मध्यावर आणि बाल्कनीच्या मजल्यांपैकी खालच्यांवर हालचाल सर्वांत कमी. सासूबाईंना उलट्या नको आहेत, सुनेला आडोसा हवा आहे, आणि दोघींचे उत्तर नकाशात एकाच ठिकाणी येते. शाळेत भूमिती शिकवताना असे उत्तर क्वचित मिळते.

सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांपैकी आपल्याकडच्या कुटुंबांना सर्वाधिक माहीत असलेले ‘गेंटिंग ड्रीम’. 2016 साली जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या गोदीत बांधलेले, 335 मीटर लांब, साडेसोळाशेच्या आसपास केबिन आणि त्यांतल्या बहुतेकांना बाल्कनी. त्यावर हलाल प्रमाणित उपाहारगृह असल्याने आपले लोक ते निवडतात. मार्ग बहुधा मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर, पोर्ट क्लांग किंवा पेनांगकडे. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला सुमात्रा बेट, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा शांत. पहाटेच्या वेळी कधी अचानक वादळी वारा आणि पाऊस येतो, खलाशी त्याला ‘सुमात्रा’च म्हणतात, पण तो लवकर ओसरतो.

आता डावी बाजू की उजवी? हा प्रश्न लोक फारसे विचारत नाहीत, आणि आपण विचारला पाहिजे. सिंगापूरहून वर जाताना जहाजाचे तोंड वायव्येकडे असते. या सामुद्रधुनीत जहाजांना रस्त्यासारख्या मार्गिका आखून दिलेल्या आहेत आणि आपापल्या उजवीकडून जायचे असते. म्हणजे वर जाताना उजव्या बाल्कनीतून मलेशियाची बाजू, डावीकडून समोरून येणारी तेलवाहू आणि कंटेनरची जहाजे, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एकाची वर्दळ. दुपारनंतरचे ऊन डाव्या बाजूला आणि मगरिबच्या आधीचा सूर्यास्तही डावीकडेच. परत येताना सगळे उलटे. जाताना संध्याकाळ बाल्कनीत घालवायची असेल तर डावी घ्या, दुपारी सावलीत बसायचे असेल तर उजवी. चौदा वर्षांच्या मुलाला मोठी जहाजे आवडत असतील तर डावी घेतल्याने त्याचाही रुसवा जाईल.

किब्ला सिंगापूरच्या परिसरात पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे झुकलेला आहे. जहाज वायव्येला चालले असताना तो जहाजाच्या पुढच्या टोकाच्या जरासा डावीकडे येतो. परतीच्या वाटेवर तोंड मागच्या टोकाकडे करायचे, तेही जरासे डावीकडे. म्हणजे केबिनमध्ये पलंगाच्या आडव्या भिंतीकडे तोंड होते, बाल्कनीकडे नव्हे. मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका, चहूबाजूंनी पोलाद असल्यावर तो फसवतो. केबिनमधल्या टीव्हीवर एका वाहिनीवर जहाजाचा नकाशा आणि दिशा दाखवतात, त्यावरून ठरवा. जहाज वळले तर काय, कस्र कधी, दोन नमाजा एकत्र करायच्या का, याबाबत आपल्यात कोकणातले बहुसंख्य शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, तेव्हा आपापल्या मौलानांना निघण्याआधीच विचारून घ्यावे.

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आणि सोपा आहे. ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज 1990 सालचे, फ्रान्समध्ये बांधलेले. त्या काळच्या जहाजांवर बाल्कन्या थोड्याच असत, म्हणून ती केबिन महाग पडते आणि लवकर संपते. पण मिळाली तर जाताना उजवी बाजू म्हणजे उघडा अरबी समुद्र आणि पश्चिम. बाल्कनीच्या दाराकडे तोंड करून किंचित उजवीकडे वळले की किब्ला. येताना हेच डाव्या बाजूला. ज्यांचे आजी-आजोबा 1995 पर्यंत मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हजच्या जहाजांतून, ‘अकबर’मधून वगैरे, आठवडाभर प्रवास करून गेले, त्यांना डेकवरच्या गर्दीत सतरंजीला सतरंजी लावून काढलेल्या रात्रींच्या गोष्टी ऐकून माहीत आहेत. तेव्हा बाल्कनीचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसेल.

जागा ठरवताना वर-खाली काय आहे तेही नकाशात पाहा. वर पोहण्याचा तलाव किंवा उपाहारगृह असेल तर फज्रच्या आधीपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा नाचगाण्याचा हॉल असेल तर इशानंतर झोप नाही. वर केबिन आणि खालीही केबिन, हे उत्तम. लिफ्टच्या अगदी समोर गोंगाट असतो, पण सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर लिफ्टपासून चार-सहा दारे पलीकडची घ्या. दीडशे मीटरचा बोळ दिवसातून पाच वेळा चालणे त्यांच्याने होणार नाही.

पैशाची वाट म्हणाले होते ती अशी. पाच जणांना दोन केबिन लागतीलच. दोन्ही बाल्कनीच्या घेण्याऐवजी एक बाल्कनीची आणि तिच्या समोरच, बोळाच्या पलीकडची, आतली बिनखिडकीची घ्या. आतली बरीच स्वस्त पडते. पती आणि मुलगा तिथे झोपतील, तिन्ही बायका इकडे, आणि दिवसा सगळे बाल्कनीत. मात्र स्वस्त म्हणून ‘केबिन कंपनी ठरवेल’ या प्रकारचे तिकीट घेऊ नका. त्यात बाल्कनी मिळेल एवढीच हमी असते, कुठली ते नंतर कळते. मग वर लिहिलेले सगळे वाया. एजंटकडून केबिनचा नेमका क्रमांक लेखी घ्या आणि तो नकाशावर स्वतः शोधून पाहा. तीन गोष्टी त्याला थेट विचारा: समोर लाइफबोट आहे का, बाल्कनीला पूर्ण छत आहे का, आणि बाल्कनीत सिगारेट ओढायला परवानगी आहे का. शेजारचा धूर पडदीवर थांबत नाही.

सहा वर्षांची मुलगी बरोबर आहे म्हणून दोन शब्द. कठडा उंच असतो, पण खुर्ची त्याला टेकवली की तो उंच राहत नाही. खुर्च्या नेहमी भिंतीकडे. दाराला वर कडी असते, ती झोपताना लावायची. केबिनचे दार आणि बाल्कनीचे दार एकाच वेळी उघडे ठेवले तर वाऱ्याने एक दार असे आपटते की बोटे सापडतात.

फज्रच्या वेळी बाल्कनीची जमीन खाऱ्या दवाने ओली असते, जानमाज आतच अंथरा. त्यासाठी पलंग आणि काचेच्या दारामध्ये जागा किती ते विचारून घ्या, काही केबिनमध्ये पलंग दाराकडे असतो, काहींमध्ये सोफा. सोफा दाराकडे असलेली बरी, तो थोडा सरकवता येतो. सासूबाईंना वारा सोसवत नसेल तर त्यांची बसायची जागाही तीच होईल, उघड्या दाराच्या आत, सुनेच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर.